चौतीसवर थांबलेला काटा

रेडिओवर यंत्राबद्दल बोलायचं तर एक अडचण असते. वस्तू दाखवता येत नाही. म्हणून भाषणाच्या सुरुवातीला मी एक जुना स्पीडोमीटर माईकजवळ धरला, त्याच्या मागच्या तोंडात केबलचा एक तुकडा खोचला आणि तो बोटांनी फिरवला. ऐकणाऱ्यांना टिकटिक ऐकू आली. भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जलद, मनगटावरच्या घड्याळापेक्षा जाड. छापील मजकुरात ती टिकटिक देता येत नाही, तेव्हा ती तुम्ही मनातल्या मनात ऐकावी. मोटरसायकलच्या मीटरमधून घड्याळाचा आवाज का यावा, इथूनच आजचा विषय सुरू होतो.

मीटर आहे आमच्या अण्णांच्या गाडीचा. गाडी बीएसए, मॉडेल एम-ट्वेंटी. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी अशा सव्वा लाखाच्या वर गाड्या बनवल्या. पाचशे सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, ताकद जेमतेम तेरा हॉर्सपॉवर, वजन मात्र म्हशीसारखं. युद्ध संपल्यावर सैन्याचा जो माल डिस्पोजलमध्ये निघाला, त्यातून अशा गाड्या आपल्याकडे मुलकी माणसांच्या हाती आल्या. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, कऱ्हाडला. त्यांनी ही गाडी १९५८ साली एका कंत्राटदाराकडून घेतली. कालव्याच्या कडेने हिंडायला ती बरी पडायची.

मला आठवतंय तेव्हापासून या गाडीच्या मीटरचा काटा चौतीस मैलांवर उभा होता. गाडी अंगणात उभी असली तरी चौतीस, अण्णा बाजारातून हळूहळू येत असले तरी चौतीस. आम्हा भावंडांना वाटायचं, अण्णांचा वेगच चौतीस आहे. खाली मैलांचे आकडे २३,६१४ वर थांबलेले. अण्णांनी कधी ते दुरुस्त केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "मला कुठे विमान उडवायचंय?"

अण्णा गेल्यावर गाडी बरीच वर्षं कऱ्हाडच्या वाड्यात होती. नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा ती टेम्पोत घालून पुण्याला आणली आणि एकेक भाग सोडवायला घेतला. मीटरची पाळी आली त्या दिवशी आई सहज बोलून गेली, "तो काटा भूकंपाच्या दिवसापासून तसाच आहे."

११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचार-साडेचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगरची घरं जमीनदोस्त झाली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमचे थोरले काका तेव्हा कोयना प्रकल्पावर कामाला होते. कऱ्हाडात आम्हीही रस्त्यावर आलो होतो. मी पाच वर्षांचा होतो आणि मला फक्त गोधडीत गुंडाळून कडेवर घेतल्याचं आठवतं. अण्णा उजाडायच्या आत गाडी काढून निघाले. कऱ्हाडहून पाटणमार्गे कोयनानगर पस्तीसेक मैल. काका सापडले, पाय मोडला होता, पण जिवंत होते. अण्णा दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा मीटरची केबल तुटलेली होती आणि काटा चौतीसवर होता. त्या वेळच्या त्या रस्त्यावर, डिसेंबरच्या अंधारात, गाडीच्या मिणमिणत्या दिव्यात चौतीस मैल. म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटर. आमच्यापैकी कोणाला मागे बसवून ते कधी वीसच्या वर गेल्याचं आईला आठवत नाही.

आता तुम्ही विचाराल, केबल तुटली तर काटा शून्यावर यायला हवा, तो चौतीसवर कसा राहील? तुमच्या बुलेटवर किंवा येझदीवर तसं होणार नाही. तिथे केबल तुटली की काटा लगेच खाली येतो. दोन्ही मीटरांची जात वेगळी आहे.

बुलेट, येझदी, राजदूत यांच्यावर असतो तो चुंबकी मीटर. ओट्टो शुल्झ नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाकापासून येणारी केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक छोटी वाटी असते. वाटी चुंबकाला टेकलेली नसते, आणि ॲल्युमिनियमला चुंबक ओढून घेत नाही हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण चुंबक फिरू लागला की वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांच्यामुळे वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. तिला अडवायला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी वाटी स्प्रिंगला जास्त पीळ देते आणि वाटीच्या दांड्यावर बसवलेला काटा तितका पुढे जातो. चुंबक थांबला की स्प्रिंग काट्याला परत आणते. सोपं, स्वस्त आणि टिकाऊ.

अण्णांच्या गाडीवरचा मीटर त्याच्या आधीच्या घराण्यातला, क्रोनोमेट्रिक. तो बनवणारी स्मिथ्स ही कंपनी मुळात लंडनची घड्याळवाली. डॉक्टर नाडी बघतात तेव्हा काय करतात? मनगट धरतात, घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद ठोके मोजतात आणि चारने गुणतात. हा मीटर तेच करतो. त्याच्या पोटात घड्याळातल्यासारखं झुलतं चक्र आहे, ते वेळ राखतं. केबलमुळे फिरणारं एक दातेरी चाक ठरावीक वेळापुरतं मोजणीच्या चाकाला जोडलं जातं. तेवढ्या वेळात मोजणीचं चाक जितकं सरकलं तितका वेग. मग एक दुसरं चाक तो आकडा धरून ठेवतं, मोजणीचं चाक मोकळं होऊन परत पहिल्यापासून मोजायला लागतं. सेकंदाला एखाद-दुसऱ्या वेळा हा फेरा होतो. त्यामुळे या मीटरचा काटा सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो. अठ्ठावीस, तीस, एकतीस, तीस. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बिघडलाय.

आणि या सगळ्या चक्रांना चालवणारी ताकदही त्याच केबलमधून येते. वेगळी चावी नाही. गाडी हळूहळू थांबली तर काटा टप्प्याटप्प्याने खाली येतो. पण केबल अचानक तुटली तर मोजणीच जागच्या जागी गोठते. आकडा धरून ठेवणारं चाक तो आकडा सोडत नाही, कारण त्याला सोडायला सांगणारं कोणी उरत नाही.

हे मला कळलं तेव्हा माझ्यापुढे वेगळाच पेच उभा राहिला. मीटर साफ करायचा म्हणजे चक्रं मोकळी करायची. चक्रं मोकळी झाली की काटा खाली पडणार.

पेच बाजूला ठेवून आधी उघडायचं कसं ते सांगतो. काचेभोवती जी धातूची कडी असते ती दोन प्रकारची. जुन्या क्रोनोमेट्रिक मीटरची कडी आट्यांची असते, बरणीच्या झाकणासारखी फिरवून निघते. अर्थात पन्नास-साठ वर्षांत ती जाम झालेली असते. पक्कड लावलीत तर कडी वाकलीच समजा. आट्यांवर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडायचे, मीटर उलटा धरून, म्हणजे तेल आत जाणार नाही, आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी कडीभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. नाही निघाली तर पुन्हा तेल, पुन्हा रात्र. माझी चौथ्या दिवशी निघाली. चुंबकी मीटरची कडी मात्र बहुधा काठ आत वळवून दाबलेली असते. तो काठ बोथट स्क्रू ड्रायव्हरने थोडा थोडा, सगळीकडून सारखा उचलावा लागतो. एकाच जागी जोर लावला तर पत्रा फाटतो. बंद करतानाही तेच उलटं. हे काम एकदा फार तर दोनदा करता येतं, तेव्हा नुसतं कुतूहल म्हणून उघडू नका.

मी कडी काढली ती जेवणाच्या टेबलावर. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. पलीकडच्या टोकाला नात चित्र रंगवत बसली होती. काच बाजूला झाली, आत तबकडीवर धुळीचा थर दिसला, आणि मी सवयीने फुंकर मारली.

दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन गावातल्या एका जुन्या घड्याळजींकडे गेलो. मला बारीक तेल हवं होतं आणि थोडा सल्ला. वय झालेले गृहस्थ, दुकान जेमतेम दोन माणसांचं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मीटर प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढला नाही आणि म्हणाले, "काट्यावर रेडियम दिसतंय. फुंकर नाही ना मारलीत?"

मला हसू आलं. आपल्याकडे रेडियम म्हणजे काय? रस्त्याच्या कडेला टपरीत नंबरप्लेटची अक्षरं कापून देतो तो रेडियमवाला. ट्रकच्या मागे चिकटवतात ते रेडियम. ती सगळी चमकणारी प्लॅस्टिकची पट्टी, दुसऱ्याच्या दिव्याचा उजेड परत फेकणारी. तिच्यात रेडियमचा कणही नसतो. पण हे नाव आलं कुठून, याचा विचार मी कधी केला नव्हता. ते आलं अंधारात स्वतःच्या उजेडाने दिसणाऱ्या घड्याळांच्या काट्यांवरून, आणि त्या काट्यांवर खरंच रेडियम असायचं.

मारी आणि पिएर क्युरींनी १८९८ मध्ये रेडियम शोधलं. पुढे रेडियमचा अंश झिंक सल्फाइडमध्ये मिसळून एक रंग तयार झाला. रेडियमचे किरण झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळले की ते हिरवट चमकतात, रात्रंदिवस. युद्धात याची गरज मोठी होती; विमानं, रणगाडे, गाड्या, घड्याळं, सगळ्यांच्या तबकड्या काळोखात वाचता यायला हव्या होत्या. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज या गावी तरुण मुली हा रंग तबकड्यांवर भरायच्या. ब्रशाचं टोक बारीक राहावं म्हणून ते ओठांत धरून टोकदार करा, असं त्यांना शिकवलं होतं. रेडियम शरीरात गेलं की कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसतं. त्या मुलींचे जबडे झिजले, हाडं मोडू लागली, कित्येक जणी मेल्या. त्यांनी कंपनीविरुद्ध दावा लावला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. तो रंग शोधणारे गृहस्थ, साबिन फॉन सोचोकी, त्याच वर्षी रक्ताच्या विकाराने गेले. तबकड्यांवरचा रेडियमचा वापर साधारण १९६० नंतर बंद होत गेला.

आपल्या कामाच्या दृष्टीने यातली फसवी गोष्ट अशी की जुना मीटर अंधारात चमकत नाही. माझाही चमकत नव्हता. माणसाला वाटतं, संपलं रेडियम. पण थकलेलं असतं झिंक सल्फाइड. इतक्या वर्षांच्या माऱ्याने त्याचे स्फटिक निकामी होतात. रेडियमचं प्रमाण निम्मं व्हायला मात्र सोळाशे वर्षं लागतात. म्हणजे १९४२ च्या मीटरवरच्या रेडियमपैकी शंभरातले शहाण्णव-सत्त्याण्णव भाग आजही जागेवर आहेत. फक्त रंग करपल्यासारखा तपकिरी झालेला असतो आणि पापुद्र्यासारखा सुटू लागतो.

माझा एक मित्र महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचा. तो गायगर काउंटर घेऊन घरी आला. मीटरजवळ नेताच यंत्र कढईत मोहरी तडतडावी तसं वाजू लागलं. मग आम्ही टेबल तपासलं, खुर्च्या, नातीची रंगपेटी, जमीन. कुठे काही नाही. वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यावर मात्र तडतड वाढली. तिथे डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी भुकटी होती. त्या दिवशी जेवणाच्या टेबलाकडे बघताना मला कसं वाटलं ते सांगत बसत नाही.

घाबरवण्याचा हेतू नाही, म्हणून हेही सांगतो. असा मीटर काचेआड, गाडीवर असला तर चालवणाऱ्याला त्याचा नाव घेण्यासारखा धोका नाही. रेडियमचे मुख्य किरण कागदाच्या कपट्यानेही अडतात. धोका आहे तो भुकटी श्वासातून किंवा हातातोंडाशी जाऊन पोटात जाण्याचा. म्हणून खरवडायचं नाही, फुंकायचं नाही, हवा मारायची नाही, ब्रशने झटकायचं नाही. युद्धकाळातला किंवा पन्नासच्या दशकातला मीटर असेल आणि आकड्यांवर किंवा काट्यावर जाडसर, पिवळट-तपकिरी लेप असेल तर उघडूच नका, हा माझा पहिला सल्ला. आणि भंगारात तर मुळीच टाकू नका. दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारात २०१० साली कोबाल्टचं जुनं उपकरण फोडलं गेलं आणि एक माणूस प्राणाला मुकला. तो स्रोत कितीतरी पटींनी जहाल होता, माझ्या काट्याशी त्याची तुलना नाही, पण आपल्या भंगारवाल्याला यातलं काही कळत नसतं एवढं लक्षात ठेवा. अशा गोष्टींवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईत आहे. विल्हेवाटीबद्दल विचारायचं ते तिथे.

मी स्वतः पुढे काम केलं ते मित्राला शेजारी बसवून, घरामागच्या पडवीत, हातमोजे आणि मास्क लावून. सुटलेले दोन-तीन पापुद्रे ओल्या टिपकागदाने उचलले, तो कागद आणि वर्तमानपत्राचा तुकडा आट्यांच्या झाकणाच्या बाटलीत बंद केला, वर ठळक अक्षरांत लिहिलं. तबकडी आणि काटा सोडवला नाही. त्यावर पॉलिथिनची पिशवी बांधली आणि फक्त मागच्या यंत्राला हात लावला. पुण्यात जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणाऱ्या एकाने मला सांगितलं होतं, नवी तबकडी छापून देतो, आकडे शून्यावर आणतो, कोणी ओळखणार नाही. त्याला मी नको म्हटलं.

मीटरच्या डब्याच्या मागे दोन स्क्रू असतात. ते काढले की यंत्र तबकडीसकट बाहेर येतं. बाहेर आल्यावर मला दिसलं ते ग्रीस. चक्रांच्या मधे, दांड्यांवर, दातांत, काळं पडून घट्ट झालेलं. टोचलं तर गुळाच्या ढेपेसारखं तुटत होतं. आता मीटरच्या आत ग्रीस कधीच घालत नाहीत. मग ते आलं कुठून?

केबलमधून. मीटरची केबल म्हणजे पिळाची तार. ती नळीत फिरते आणि पिळाच्या दिशेमुळे तिच्यावरचं जास्तीचं ग्रीस मळसूत्रासारखं वर वर चढवते. आर्किमिडीजच्या स्क्रूने पाणी चढतं, तसंच. मेकॅनिक मोठ्या मायेने केबल ग्रीसमध्ये बुचकळून काढतो, आपल्यालाही वाटतं, वा, काम केलं. मी स्वतः कॉलेजात असताना मित्राची येझदी अशीच 'दुरुस्त' केली होती. दोन महिन्यांत तिचा काटा तापातल्या माणसासारखा थरथरू लागला. जुन्या गाड्यांचे जे मीटर उघडावे लागतात त्यातले निम्मे तरी या ग्रीसमुळे, असं माझं मत आहे. केबलला ग्रीस अगदी बोटाला लागेल इतकंच लावायचं, तेही खालच्या दोन तृतीयांश भागाला. मीटरकडची शेवटची वीतभर तार कोरडी ठेवायची.

आणि इथे मला भूकंपाची पहाट दिसू लागली. अण्णा गाडीची निगा फार राखायचे. ग्रीसचा हात सढळ होता. ते वर्षानुवर्षं चढत गेलं असणार. डिसेंबरच्या पहाटेची थंडी, थंडीने घट्ट झालेलं ग्रीस, जड झालेली चक्रं आणि एरवी वीसने जाणारी गाडी आज चौतीसने चाललेली. जुनी तार तिथे तुटली. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

यंत्र धुवायला घड्याळजी वापरतात ते स्वच्छ पांढरं पेट्रोल घ्यावं. पंपावरचं नको. जवळपास शेगडी, उदबत्ती काही नको. मऊ ब्रशाने थोडं थोडं धुवायचं, घट्ट ग्रीस खैराच्या किंवा बांबूच्या टोकदार काडीने सोडवायचं. लोखंडी सुई लावली की दात ओरखडतात. झुलत्या चक्राच्या केसस्प्रिंगला ब्रशही लावायचा नाही, नुसतं पेट्रोल वरून सोडायचं. वाळल्यावर तेल. घड्याळजींनी मला एका छोट्या बाटलीत घड्याळाचं तेल दिलं आणि बजावलं, "टाचणीच्या टोकावर मावेल तेवढंच, आणि दांडे जिथे टेकतात तिथेच. दातांना नाही." दारं-कड्यांवर फवारतात ते डब्यातलं तेल मीटरमध्ये मारणाऱ्यांना त्यांनी जे विशेषण वापरलं ते इथे देत नाही. तबकडीवरची अक्षरं तर पाण्यानेही निघतात. मी कोरड्या तबकडीला हात न लावता तशीच ठेवली, डागांसकट.

अँमीटरबद्दल थोडक्यात. दिव्याजवळचा तो लहान मीटर, मधे शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. तो बॅटरीत किती वीज भरते आहे आणि किती उपसली जाते आहे ते दाखवतो. त्याला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढा, कारण गाडीची जवळजवळ सगळी वीज त्याच्यातून जाते. बहुतेक वेळा त्याच्या मागचे दोन बोल्ट हिरवे झालेले असतात, ते घासून घट्ट केले की काम झालं. आत शिरू नका.

आता काटा. धुऊन झालं तरी तो चौतीसवरच होता. झुलतं चक्र फिरल्याशिवाय तो सुटणार नव्हता. मी आईला बाहेर बोलावलं. ती खुर्ची घेऊन पडवीच्या दाराशी बसली. आधी मी फोटो काढला. मग म्हटलं, "आई, फिरवला की हा खाली येईल. राहू देऊ का?" तिने थोडा वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "तुझे काका सापडले ना? मग कशाला धरून ठेवतोस."

केबलचा तुकडा खोचला आणि अगदी सावकाश फिरवला. सुरुवातीला काहीच नाही. मग एक टिक. मग दोन-तीन. काटा एकदम पडला नाही. चौतीसवरून वीसवर आला, थांबला, मग सहावर, मग शून्याच्या अलीकडे टेकला.

बंद करायचं काम मी जानेवारीतल्या कोरड्या दुपारी केलं. पावसाळ्यात बंद केलेल्या मीटरमध्ये ओल अडकते आणि पुढे दर सकाळी काचेला आतून घाम येतो. काचेखाली नवं रबर घातलं, कडी आवळली, काचेवर बाहेरून एक छोटी सूचना चिकटवली: आत रेडियम आहे, उघडू नये.

मग चाचणी. मैलाचा आकडा एकाने पुढे सरकायला केबलचे किती फेरे लागतात ते मोजायचं. समजा सोळाशे लागले. ताशी साठ मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, म्हणून मिनिटाला सोळाशे फेरे दिले की काट्याने साठ दाखवायला हवेत, आठशे दिले की तीस. फेरे मोजायला नात बसली. काच बंद झाली होती, आता हरकत नव्हती. दर दहा फेऱ्यांना ती वहीत एक रेघ ओढायची. दोनदा चुकली, दोनदा पहिल्यापासून. ड्रिलने फिरवताना वेग मोजायला जो टॅकोमीटर वापरला, त्यासाठी ड्रिलच्या तोंडावर एक चमकती पट्टी चिकटवावी लागते. ती कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याकडून आणली. ड्रिल आधी कोणत्या दिशेने फिरवायचं ते हाताने तपासून घ्या, उलटं फिरवलं तर केलेलं सगळं काम मातीत. आमचा मीटर तीसला एकोणतीस दाखवतो. ऐंशी वर्षांच्या यंत्राला हे चालतं.

या मोजण्यांच्या नादात टेबलावरच काही मैल झाले. त्यामुळे आकडे आता २३,६१४ राहिलेले नाहीत. मी ते मागे फिरवले नाहीत. नवी केबल मिळाली ती रविवारच्या जुन्या बाजारात, दुसऱ्याच कुठल्या गाडीची, कापून जुळवलेली. तिला मी ग्रीस बोटभरच लावलं आहे. दर दिवाळीला मीटरकडचं टोक सोडवून बघतो. अजून कोरडं आहे.